धनाग्र म्हणजे ॲनोड? चार्जिंग चालू असेल तरच

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तू लांज्याला बारावीला आहेस. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिथे ॲनोड म्हणजे धनाग्र, कॅथोड म्हणजे ऋणाग्र असं पाठ केलंस. आता इंग्रजी पुस्तकात लेड बॅटरीतली शिशाची प्लेट ॲनोड आणि तीच ऋण, असं छापलंय. क्लासच्या नोट्समध्ये चार्जिंगच्या वेळी तीच कॅथोड. मोबाईलच्या बॅटरीबद्दल वाचायला गेलीस तर तिथे ग्राफाइट सदान्‌कदा ॲनोड. या घोळातून सुटावं म्हणून तू स्वतः दुसऱ्या प्लेटवरच्या लेड डायऑक्साइडची हाफ रिॲक्शन (एका प्लेटवरची अर्धी अभिक्रिया) बॅलन्स केलीस, तर चार इलेक्ट्रॉन आले आणि तेही उजव्या बाजूला. म्हणजे इलेक्ट्रॉन सुटले, ऑक्सिडेशन झालं, म्हणजे डिस्चार्ज होताना लेड डायऑक्साइड ॲनोड. "मग पुस्तक चुकलंय का?" असं विचारतेस.

पुस्तक बरोबर आहे. तुझ्या समीकरणातलं गंधक हरवलंय. आणि गंधक हरवलं म्हणूनच इलेक्ट्रॉन बाजू बदलून बसले. म्हणजे तुला वाटतात तसे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. बॅलन्सिंगची चूक इलेक्ट्रोडच्या नावात उतरली आहे. दापोलीकडच्या एका ज्युनियर कॉलेजात मी सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. फळ्यावर नेमकी हीच ओळ दर वर्षी दोघं-तिघं तरी लिहीत, तेव्हा लाजायचं कारण नाही.

एक सोय करून घेतो. मोबाईलवर संज्ञांचे खालचे-वरचे आकडे नीट उमटत नाहीत, म्हणून समीकरणं शब्दांत लिहितोय. तू वहीत संज्ञा मांडून घे.

तुझी ओळ अशी होती:

लेड डायऑक्साइड + २ पाणी → लेड सल्फेट + ४ हायड्रोजन आयन + ४ इलेक्ट्रॉन

तू काय केलंस ते मला दिसतंय. उजवीकडे लेड सल्फेटमध्ये ऑक्सिजन चार, डावीकडे दोन. दोन कमी पडले म्हणून डावीकडे दोन पाणी घातलंस. त्यातून हायड्रोजन चार आले, ते उजवीकडे आयन म्हणून टाकलेस. उजवीकडे अधिक चार प्रभार झाला, तो मारायला चार इलेक्ट्रॉन. शिसं जुळलं, ऑक्सिजन जुळला, हायड्रोजन जुळला, प्रभारसुद्धा शून्याला शून्य. म्हणून तुला शंका आली नाही. पण उजवीकडे एक गंधक आहे आणि डावीकडे एकही नाही. ते काय पाटावरून उडी मारून आलं?

नियम पाठ असूनही हे होतं, कारण नियम "ऑक्सिजन पाण्याने जुळवा" इथून सुरू होतो असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. त्याच्या आधीची पायरी पुस्तकात एका ओळीत संपते: ऑक्सिजन आणि हायड्रोजन सोडून बाकी सगळं आधी जुळवा. साध्या उदाहरणांत ही पायरी आपोआप पार पडते, त्यामुळे तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. लेड बॅटरीत मात्र ती टाळली की सगळं उलटं होतं. लेड सल्फेटमधला सल्फेट आम्लातून जसाच्या तसा, अखंड येतो. त्याचे चार ऑक्सिजन त्याच्यासोबत आलेले आहेत, ते पाण्याकडून मागायचे नाहीत. सल्फेटला एक पाहुणा समज. तो आपली पिशवी घेऊन येतो आणि पिशवी घेऊनच जातो.

आता पुन्हा कर. बदलणारा पदार्थ फक्त शिसं, तो दोन्हीकडे एक. गंधकासाठी डावीकडे एक सल्फेट आयन. आता ऑक्सिजन मोज: डावीकडे दोन आणि चार, सहा. उजवीकडे चार. दोन कमी कुठे? उजवीकडे! म्हणून दोन पाणी उजवीकडे. त्यासाठी चार हायड्रोजन आयन डावीकडे. प्रभार: डावीकडे अधिक चार, उणे दोन, म्हणजे अधिक दोन. उजवीकडे शून्य. मग दोन इलेक्ट्रॉन डावीकडे.

लेड डायऑक्साइड + सल्फेट आयन + ४ हायड्रोजन आयन + २ इलेक्ट्रॉन → लेड सल्फेट + २ पाणी

इलेक्ट्रॉन डावीकडे, म्हणजे ते घेतले जाताहेत. क्षपण, रिडक्शन. शिशाचा ऑक्सिडेशन नंबर अधिक चारवरून अधिक दोनवर आला. हा मी करायला लावतो तो दुसरा ताळा: इलेक्ट्रॉनचा आकडा आणि ऑक्सिडेशन नंबरमधला फरक सारखा हवा. चारवरून दोन म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. तुझ्या ओळीत चार आले होते, तिथेच घंटा वाजायला हवी होती.

दुसरी प्लेट सोपी आहे:

शिसं + सल्फेट आयन → लेड सल्फेट + २ इलेक्ट्रॉन

पाणी नाही, हायड्रोजन नाही. शून्यावरून अधिक दोन. इलेक्ट्रॉन सुटले, ऑक्सिडेशन, ॲनोड.

(काही पुस्तकांत सल्फेटऐवजी बायसल्फेट दिसेल आणि हायड्रोजन आयन एकाने इकडे-तिकडे होतील. बॅटरीतल्या आम्लाच्या तीव्रतेला ते वास्तवाला जास्त धरून आहे. इलेक्ट्रॉन तेवढेच राहतात, त्यामुळे घाबरू नकोस. आपल्या परीक्षेला सल्फेट पुरतं.)

दोन्ही ओळींच्या उजव्या बाजू बघ. दोन्हीकडे लेड सल्फेट. एक प्लेट शून्यावरून वर आली, दुसरी चारवरून खाली आली, आणि दोघी दोनवर भेटल्या. दोन्ही प्लेटी एकसारख्या होत जातात आणि आम्ल पातळ होत जातं, म्हणून बॅटरी उतरते. १८५९ साली गॅस्टन प्लांते या फ्रेंच माणसाने ही बॅटरी केली. आजही इन्व्हर्टरखाली आणि गाडीच्या बॉनेटखाली बव्हंशी तिचीच भावंडं असतात.

आम्ल पातळ होतं हे वहीत लिहिण्यापेक्षा डोळ्यांनी बघावं. हर्णैला बंदराकडे बॅटरी चार्जिंगचं एक दुकान होतं, मी मुलांना तिथे घेऊन जात असे. दुकानदार रबरी फुग्याचा हायड्रोमीटर सेलमध्ये बुडवून आम्ल वर ओढायचा आणि आतला काचेचा तरंगता दांडा वाचायचा. त्याच्या तोंडी "ग्रॅव्हिटी". भरलेली बॅटरी असली की, "साडेबाराशेच्या वर आहे, घेऊन जा." उतरलेली असली की, "अकराशे साठ. ठेवून जा." म्हणजे आम्लाची सापेक्ष घनता १.२५ आणि १.१६. वरच्या दोन ओळींची बेरीज कर, हायड्रोमीटर काय वाचतोय ते तुला कळेल: दोन इलेक्ट्रॉन फिरले की दोन सल्फ्युरिक आम्ल खर्च होतात आणि दोन पाणी तयार होतात. मोल्समध्ये बोलायचं तर ५३.६ अँपिअर-तासाला (म्हणजे दोन मोल इलेक्ट्रॉनला) दर सेलमागे १९६ ग्रॅम आम्ल जातं आणि ३६ ग्रॅम पाणी येतं. शंभर अँपिअर-तास काढले तर प्रत्येक सेलमधून ३६६ ग्रॅमच्या आसपास आम्ल. दांडा बुडेल नाही तर काय! जेवढी वीज वाहते तेवढ्या प्रमाणात पदार्थ बदलतो, हा मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाचा नियम. त्या दुकानदाराला फॅरडे माहीत नव्हता, पण त्याचा नियम तो दिवसातून वीसदा वाचत होता.

आता नावांचा घोळ.

ॲनोड म्हणजे जिथे ऑक्सिडेशन होतं ती जागा. बस. व्याख्येत धन नाही, ऋण नाही, शिसं नाही, ग्राफाइट नाही. हे शब्द १८३४ मध्ये त्याच फॅरडेने रूढ केले, आणि त्याच्यापुढे होतं ते विद्युत अपघटन, म्हणजे बाहेरून वीज देऊन पदार्थाचे घटक वेगळे करणं. विद्युत अपघटनात बाहेरच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडेशन होतं, म्हणजे ॲनोड धन असतो. मराठीत परिभाषा करताना कुणीतरी त्यावरून धनाग्र आणि ऋणाग्र केलं. विजेने ॲल्युमिनियम वेगळं करण्याच्या धड्यात ते चोख बसतं. पण शब्दाच्या पोटातच चिन्ह शिरलं आणि मराठी माध्यमाच्या मुलाला सेलच्या धड्यात "धनाग्र ऋण असतं" असं वाक्य गिळावं लागतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचाही घोळ होतो, पण आपल्या मुलांचा एक पायरी जास्त होतो. मी म्हणून अकरावीच्या पहिल्या महिन्यातच सांगून टाकायचो: सेलच्या धड्यात धनाग्र-ऋणाग्र बाजूला ठेवा, ॲनोड-कॅथोड म्हणा, आणि चिन्ह वेगळं सांगा. लक्षात ठेवायला एक देशी खूण: ॲनोड आणि ऑक्सिडेशन, दोन्हींच्या पहिल्याच स्वराच्या डोक्यावर चंद्र आहे. ॲ आणि ऑ.

मग चार्जिंगला काय होतं? दोन्ही ओळी उजवीकडून डावीकडे वाच. शिशाच्या प्लेटवर आता लेड सल्फेट दोन इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा शिसं होतंय. रिडक्शन, म्हणून कॅथोड. लेड डायऑक्साइडच्या प्लेटवर लेड सल्फेट आणि पाणी मिळून पुन्हा लेड डायऑक्साइड होतंय, इलेक्ट्रॉन बाहेर पडताहेत. ऑक्सिडेशन, म्हणून ॲनोड.

चिन्हं? ती हलली नाहीत. शिशाच्या प्लेटचं पोटेन्शियल उणे ०.३६ व्होल्टच्या आसपास, लेड डायऑक्साइडचं अधिक १.६९. चार्ज करा, डिस्चार्ज करा, वरची वरच आणि खालची खालीच. फरक २.०५ व्होल्ट. चार्जर एवढंच करतो की त्या फरकापेक्षा थोडा जास्त दाब लावून इलेक्ट्रॉन उलटे ढकलतो. सहा सेलच्या बॅटरीला म्हणून १४ व्होल्टच्या वर लागतात, १२ पुरत नाहीत. बॅटरीच्या अंगावर अधिक आणि उणे कोरलेलं असतं, ॲनोड-कॅथोड नसतं, ते याचसाठी. कोरलेलं बदलता येत नाही.

गंमत बघ: चार्जिंग चालू असताना ॲनोड धन आणि कॅथोड ऋण. म्हणजे तुझं दहावीचं पाठांतर चार्जिंगला शंभर टक्के लागू आहे. चार्जिंग म्हणजे विद्युत अपघटनच की.

हे मला स्वतःला सर्वांत स्वच्छ दिसलं ते वर्गात नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्याकडे माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले आणि कित्येक दिवस अंधार होता. शेजारच्या वाडीत एकाची होडी पावसाळी मासेमारी बंदीसाठी किनाऱ्यावर ओढलेली होती, तिची बारा व्होल्टची बॅटरी त्याने घरी आणून ठेवली होती. तिला गाडीतला यूएसबी चार्जर जोडून आळीतले सगळे पाळीपाळीने मोबाईल चार्ज करायचे. मी आपला ओटीवर बसून त्या वायरीकडे बघत होतो आणि म्हटलं, अरे, सगळा धडा इथे मांडलाय. होडीची बॅटरी उतरतेय, मोबाईलची भरतेय, त्याच क्षणी, त्याच वायरीने. मधलं व्होल्टेज कमी करणारं सर्किट सोडून दे. होडीच्या बॅटरीच्या ऋण टोकातून इलेक्ट्रॉन निघतात आणि मोबाईलच्या बॅटरीच्या ऋण टोकात शिरतात. ऋण ते ऋण! एका ऋण टोकावर शिशाचं ऑक्सिडेशन, तो ॲनोड. दुसऱ्या ऋण टोकावर ग्राफाइटमध्ये इलेक्ट्रॉन घेतले जाताहेत, तो कॅथोड. चिन्ह तेच, नावं उलटी. हे चित्र वहीत काढ. चार इलेक्ट्रोड, चौघांची नावं लिही. ते एकदा जमलं की पुन्हा चुकणार नाहीस.

आता ग्राफाइट. मोबाईलची लिथियम-आयन बॅटरी (सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना याच कामासाठी मिळालं) डिस्चार्ज होताना ढोबळ मानाने अशी चालते:

लिथियम भरलेलं ग्राफाइट → ग्राफाइट + लिथियम आयन + इलेक्ट्रॉन

कोबाल्ट डायऑक्साइड + लिथियम आयन + इलेक्ट्रॉन → लिथियम कोबाल्ट ऑक्साइड

व्याख्येप्रमाणे डिस्चार्जला ग्राफाइट ॲनोड, चार्जिंगला ग्राफाइट कॅथोड. पण बॅटरी बनवणारी मंडळी तसं बोलत नाहीत. त्यांच्या कारखान्यात ग्राफाइटचा लेप दिलेली पट्टी म्हणजे "ॲनोड", बॅटरी कुठल्याही अवस्थेत असो. डिस्चार्जच्या वेळचं नाव त्यांनी पदार्थालाच चिकटवून टाकलंय. ही त्यांची बोली आहे, आणि कामापुरती बरोबर आहे, कारण पट्टी कापणाऱ्याला ती चार्ज होतेय की डिस्चार्ज हा प्रश्नच पडत नाही. तू वाचलेला मजकूर त्या बोलीतला. म्हणून उत्तर कुणाशी बोलतेस त्यावर थोडं अवलंबून आहे. परीक्षेत "चार्जिंगच्या वेळी" असे शब्द असतील तर व्याख्येनेच जा. काहीच सांगितलं नसेल तर डिस्चार्ज धर, आणि उत्तरात "डिस्चार्ज होताना" हे शब्द स्वतः लिही.

आणि त्या दुसऱ्या ओळीत एक खड्डा आहे. लिथियम आयन इलेक्ट्रॉनबरोबर एकाच बाजूला दिसतो म्हणून मुलं म्हणतात की लिथियमचं रिडक्शन झालं. नाही झालं. लिथियम आत शिरतानाही अधिक एकच आहे. खाली आला तो कोबाल्ट, चारवरून तीनवर. कोण बदललं ते ऑक्सिडेशन नंबर सांगतो, समीकरणातली जागा सांगत नाही.

तू विचारलं नाहीस, पण बॅटरीत विहिरीचं पाणी घातलं तर काय बिघडतं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याकडे ते सर्रास चालतं आणि त्यातही हीच रेडॉक्स (इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण) आहे. चार्जिंग पुरं झाल्यावरही चार्जर चालू राहिला की पाण्याचं अपघटन होतं: ऋण प्लेटवर हायड्रोजन, धन प्लेटवर ऑक्सिजन. सेलमधलं पाणी कमी होतं, म्हणून वरून घालावं लागतं. (बंद खोलीत चार्जिंग नको म्हणतात ते त्या हायड्रोजनसाठी.) डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीला पैसे पडतात, म्हणून कुणी विहिरीचं घालतो, कुणी पागोळीचं धरून ठेवलेलं. समुद्राजवळच्या पागोळीच्या पाण्यात खारं वारं उतरलेलं असतं, म्हणजे क्लोराइड, आणि ते प्लेटींना चांगलं नाही. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोहाचा अंश येऊ शकतो. लोह आत गेलं की ते दोन प्लेटींमध्ये निरोप्यासारखं फिरतं. लेड डायऑक्साइडपाशी ते एक इलेक्ट्रॉन देतं, दोनचं तीन होतं. तरंगत शिशाच्या प्लेटीकडे जातं, तिथे इलेक्ट्रॉन घेतं, तीनचं दोन होतं. परत फेरी. तारेतून काहीच जात नाही, दिवा लागत नाही, आणि बॅटरी आतल्या आत उतरते. जून-जुलै बंदीत दोन महिने नुसती पडून राहिलेली बॅटरी नारळी पौर्णिमेला स्टार्टरच फिरवत नाही, तेव्हा दोष बॅटरीच्या ब्रँडला दिला जातो. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होतात, ते पुढे चार्जरला दाद देत नाहीत. तो वेगळा रोग, पण सुरुवात बरेचदा त्या निरोप्याने केलेली असते. सरावाला चांगलं आहे हे: लेड डायऑक्साइड आणि लोहाची पूर्ण अभिक्रिया बॅलन्स कर. दोन लोह लागतील आणि दोन्ही बाजूंना एकूण प्रभार अधिक सहा येईल. आला नाही तर गंधक मोज.

शेवटचं, आम्लारीतल्या सेलबद्दल, कारण निकेल-कॅडमियम तुमच्या अभ्यासक्रमात आहे. तिथे हायड्रोजन आयन लिहायचे नाहीत, हायड्रॉक्साइड लिहायचे. कॅडमियमची ओळ सरळ आहे: कॅडमियम + २ हायड्रॉक्साइड → कॅडमियम हायड्रॉक्साइड + २ इलेक्ट्रॉन. निकेलची आधी आम्लात असल्यासारखी बॅलन्स कर: निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड + हायड्रोजन आयन + इलेक्ट्रॉन → निकेल हायड्रॉक्साइड. मग हायड्रोजन आयन मारायला दोन्ही बाजूंना एकेक हायड्रॉक्साइड टाक, डावीकडे पाणी तयार होईल, उजवीकडे एक हायड्रॉक्साइड उरेल. तुमच्या पुस्तकात निकेल डायऑक्साइड धरून दोन इलेक्ट्रॉनची ओळ दिली असेल तर परीक्षेला तीच लिही, पद्धत बदलत नाही. माझ्या ओळीने गेलीस तर कॅडमियम दोन इलेक्ट्रॉन सोडतं आणि निकेल एकच घेतं, म्हणून निकेलची ओळ दुप्पट. बेरीज केलीस की हायड्रॉक्साइड दोन्हीकडून कटतात, आणि मग तुला कळेल की हर्णैच्या त्या दुकानदाराचा हायड्रोमीटर या सेलपुढे बऱ्यापैकी आंधळा का आहे.

आता याच सेलचं चार्जिंग तू लिही. कॅडमियमची प्लेट ॲनोड की कॅथोड, धन की ऋण, हे दोन्ही वेगवेगळ्या शब्दांत लिहून पाठव. बेरजेत उजवीकडे दोन पाणी यायला हवीत.